तिसरी कळ

दोन कळा होत्या तिच्या पुढ्यात.
उजवी खऱ्याची, डावी खोट्याची.
डावीवरचं अक्षर केव्हाच पुसून गेलेलं,
कारण आकाशात खोटंच फार:
कॅमेऱ्याचे डाग, वैश्विक किरणांचे ओरखडे,
उपग्रहांच्या रेघा, एकदा तर
फिल्टरच्या काचेवर मेलेलं चिलट,
नव्या ताऱ्याच्या थाटात.

ओरियाना काटालान, राहणार विकुन्या.
दिवसा पपईच्या कारखान्यात हिशोब लिहायची,
रात्री आमच्या दुर्बिणीसाठी ठिपके निवडायची,
तासाला सातशे.
एका हिवाळ्यात तेवीस हजार.
त्या निवडीवर आम्ही यंत्राला शिकवलं.

आता यंत्र एका रात्रीत दहा लाख ठिपके पाहतं.
त्याला माते लागत नाही, डोळे चोळावे लागत नाहीत.
प्रत्येक ठिपक्यापुढे एक आकडा ठेवून पुढे सरकतं,
पोस्टमन दारात पत्र टाकतो तसं.
शून्य पूर्णांक नव्याण्णव.
शून्य पूर्णांक शून्य दोन.

शितावरून भाताची परीक्षा, एवढंच आमचं शास्त्र.
फक्त भांडं केवढं ते ठाऊक नाही
आणि हाताला लागतात ती शितं वरची, उजळ.
तळाशी काय करपलंय
कुणी चाखलेलं नाही.

मार्चमध्ये मी जुने शेरे तपासायला घेतले.
चुका असणारच. त्या मीठ भुरभुरावं तशा
सगळीकडे सारख्या पसरलेल्या असाव्यात
अशी अपेक्षा असते, आणि बहुतेक होत्याही.
एका जागी मात्र खडा लागला.
चारशे बारा ठिपके, सलग, सगळे खोटे.
पैकी एकतीस तर धडधडीत खरे,
आपापल्या दीर्घिकेच्या कडेला फुटलेले तारे,
शाळेतलं पोरही ओळखेल असे.
नऊ ऑगस्ट, पहाटे दोन ते पावणेतीन.

मिलेन्का म्हणाली, काढून टाक.
दोन टक्केसुद्धा नाहीत.

बरोबरच होतं तिचं.
तरी मी फोन लावला.
बराच वेळ नुसता बरण्यांचा आवाज येत राहिला,
पट्ट्यावरून जाणाऱ्या, एकमेकींना लागणाऱ्या.
मग ओरियाना बोलली:
"त्या रात्री कोपियापोहून भावाचा फोन आला होता.
आई गेली म्हणून.
पहिली बस सहाची.
तोवर काय करणार, बसले कामाला.
मला वाटलं, मी बघतेय."

मी काहीतरी पुटपुटलो.
तिने विचारलं, खरे किती होते?
एकतीस.
"एकतीस," ती म्हणाली,
खतावणीत आकडा चढवावा तशी.
"अजून दिसतात?"
नाही. असे तारे काही महिन्यांत विझतात.
चित्रं तेवढी आहेत.
"मग चित्रं पाठव."

एकतीस चित्रांना तिला नऊ दिवस लागले.
तासाला सातशे करणारी बाई.
एकोणतीस खरे.
दोन रकाने कोरे,
आणि समासात, कारखान्याच्या जांभळ्या शाईत:
"हे मला अजून कळत नाहीत."

मी यंत्राला विचारलं.
त्याने एकाला नव्याण्णव दिले, दुसऱ्याला अठ्ठ्याण्णव,
डोळ्याचं पातं लवायच्या आत.
आकडे चुकीचे नसावेत.
मीही त्या दोघांना खरेच म्हणालो असतो.

यंत्र पुन्हा शिकवलं. अचूकता वाढली,
तिसऱ्या दशांशस्थळी. शोधनिबंधात तसा तक्ता आहे.
ते दोन रकाने मी भरलेले नाहीत.
मिलेन्का दर सोमवारी आठवण करते,
फाईल अपुरी आहे म्हणून,
आणि दर सोमवारी मी ती फाईल उघडतो,
कर्सर पहिल्या कोऱ्या रकान्यात नेतो,
डाव्या-उजव्या कळांवर बोटं ठेवतो.